शंका-समाधान : साथीच्या गणितात भागायचे कशाने?

साथरोगांच्या गणिती मॉडेलांविषयी आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : अकरावी-बारावीच्या मुलांकडून स्प्रेडशीटवर साथीचे मॉडेल करून घ्यायचे आहे. कलन न वापरता जमेल का? आकडे कोणते घ्यावेत आणि मुले कुठे चुकतील?

उत्तर : जमेल. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढ्यावर भागते. लोकसंख्येचे तीन गट करा. लागण होऊ शकणारे ते ‘प्रवण’, सध्या दुसऱ्याला रोग देऊ शकणारे ते ‘बाधित’ आणि बरे झालेले किंवा दगावलेले ते ‘बाहेर पडलेले’. यालाच एसआयआर मॉडेल म्हणतात.

एकूण लोक १०,००० धरा. सुरुवातीला बाधित १०, प्रवण ९,९९०, बाहेर पडलेले शून्य. आता दोन दर लागतील. पहिला संसर्गदर, म्हणजे बीटा : सगळे भोवतालचे लोक प्रवण असतील तर एक बाधित माणूस दिवसाला सरासरी किती जणांना लागण देईल. तो ०.४ घ्या. दुसरा बाहेर पडण्याचा दर, म्हणजे गॅमा. माणूस सरासरी ५ दिवस संसर्गक्षम राहत असेल तर रोज बाधितांचा पाचवा हिस्सा बाहेर पडतो, म्हणून ०.२. या दोहोंचा भागाकार २. हाच तो बहुचर्चित आर-शून्य : सगळे प्रवण असताना एक रुग्ण एकूण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा.

प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवस. पाच स्तंभ ठेवा : प्रवण, बाधित, बाहेर पडलेले, आजची नवी लागण, आज बाहेर पडणारे. नवी लागण = बीटा × प्रवण × बाधित ÷ एकूण लोकसंख्या. बाहेर पडणारे = गॅमा × बाधित. पुढच्या ओळीत प्रवणांतून नवी लागण वजा करा, ती बाधितांत मिळवा, बाधितांतून बाहेर पडणारे काढा आणि तिसऱ्या गटात टाका. पहिल्या दिवशी नवी लागण ३.९९६ आणि बाहेर पडणारे २ येतील, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाधित ११.९९६. मुलांचा आकडा इथेच वेगळा आला तर पुढे जाऊ देऊ नका. बीटा, गॅमा आणि एकूण लोकसंख्या वेगळ्या चौकटींत लिहून सूत्रांत त्यांचा पत्ता डॉलरचे चिन्ह घालून पक्का करा. नाहीतर सूत्र खाली ओढताना पत्ता सरकतो आणि साथ दुसऱ्याच दिवशी गायब होते. तिन्ही गटांची बेरीज दाखवणारा सहावा स्तंभ ठेवा. ती प्रत्येक ओळीत १०,००० च आली पाहिजे.

या चुका लगेच दिसतात. न दिसणाऱ्या चुका जास्त त्रासदायक.

पहिली पावलाची. आपण दिवसातून एकदाच हिशेब करतो, साथ मात्र अखंड चालू असते. या आकड्यांवर बाधितांची संख्या खरे तर ३.४७ दिवसांत दुप्पट व्हायला हवी. रोजच्या पावलाने ती सुरुवातीला दिवसाला २० टक्के वाढते आणि दुप्पट व्हायला ३.८ दिवस लागतात. पाव दिवसाचे पाऊल घेतले, म्हणजे दोन्ही दरांना ०.२५ ने गुणले, तर हा काळ ३.५५ दिवसांवर येतो. वर्गात ही दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. पाऊल फारच मोठे असेल तर गंमत होते : बीटा १.५ आणि पाऊल दोन दिवसांचे घेतले, तर बाधित एक-तृतीयांशावर जाताच नवी लागण शिल्लक प्रवणांपेक्षा जास्त निघते आणि प्रवण उणे होतात.

दुसरी चूक तुलनेची. बातम्यांत ‘आजचे नवे रुग्ण’ येतात आणि मुले ते बाधितांच्या स्तंभाशी ताडून बघतात. ताडायचे ते नव्या लागणीच्या स्तंभाशी. बाधितांचा स्तंभ त्या घडीला आजारी असलेले किती ते सांगतो आणि त्याचा माथा नव्या लागणीच्या माथ्यानंतर येतो.

तिसरी बाब चुकीची नाही, मॉडेलमध्येच दडलेली आहे. रोज पाचवा हिस्सा बाहेर काढतो तेव्हा आपण नकळत असे मानतो, की काही जण पहिल्याच दिवशी बरे होतात आणि सुमारे एक-तृतीयांश लोक पाच दिवसांनंतरही संसर्गक्षम राहतात. बहुतेक रोग असे वागत नाहीत. उपाय सोपा : बाधितांचे एकामागोमाग तीन टप्पे करा, प्रत्येकातून पुढे जाण्याचा दर ०.६ ठेवा. सरासरी ५ दिवसच राहते, पण मुदती त्या सरासरीभोवती गोळा होतात.

पाऊल लहान ठेवले तर माथ्यावर एकाच वेळी सुमारे १५ टक्के लोक बाधित दिसतील आणि साथ संपेपर्यंत सुमारे ८० टक्क्यांना लागण झालेली असेल. माथा येतो तेव्हा प्रवण बरोबर निम्मे, म्हणजे ५,००० उरलेले असतात. तिथून साथ उतरू लागते, पण थांबत नाही; पेटलेल्या साथीच्या ओघात आणखी सुमारे ३,००० जण सापडतात. प्रवण इतके कमी झाले, की साथ उतरू लागते, हा सामूहिक प्रतिकारशक्तीचा उंबरठा. तो ओलांडला म्हणजे साथ संपली, असे समजणाऱ्यांना हा आलेख दाखवावा.

आणि ते ‘÷ एकूण लोकसंख्या’ मुलांना नीट समजावून सांगा. त्याचा अर्थ असा, की १०,००० पैकी कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. साथीच्या गणितातले निम्मे घोळ या भाजकात असतात. पुढच्या काही उत्तरांत तो पुन्हा येईल.

प्रश्न : गोवराचा आर-शून्य १२ ते १८ सांगतात आणि फ्लूचा दोनच्याही आत. म्हणजे गोवर फ्लूच्या दहापट वेगाने पसरतो का?

उत्तर : नाही. आर-शून्यात वेळ नसतोच. एक रुग्ण एकूण किती जणांना देतो ते तो सांगतो, किती दिवसांत देतो ते नाही. एका रुग्णापासून पुढच्याला लागण होईपर्यंतचे अंतर म्हणजे पिढीचे अंतर. एका काल्पनिक रोगात एक माणूस दोघांना देतो आणि पिढी ३ दिवसांची आहे. दुसऱ्यात एक चौघांना देतो, पण पिढी १५ दिवसांची. महिन्यानंतर पहिल्या रोगाच्या दहाव्या पिढीत १,०२४ रुग्ण असतील, दुसऱ्याच्या दुसऱ्या पिढीत १६. फ्लूची पिढी साधारण तीन दिवसांची, गोवराची दीड-दोन आठवड्यांची.

शिवाय आर-शून्य हा विषाणूच्या अंगचा गुण नव्हे. भेटी किती, एका भेटीत लागण होण्याची शक्यता किती आणि संसर्गक्षम दिवस किती, या तिन्हींचा तो गुणाकार आहे. विषाणू तोच असला तरी भरलेल्या वसतिगृहात आणि विरळ वस्तीत तो वेगळा येतो. म्हणून १२ ते १८ असा पट्टा सांगतात. एकच आकडा ठासून सांगणाऱ्याला ‘कुठला आणि कधीचा?’ असे जरूर विचारावे.

आर-शून्य खरा उपयोगी पडतो तो लसीकरणाचा उंबरठा काढायला. एकातून एक भागिले आर-शून्य वजा करा. १२ साठी ९१.७ टक्के, १८ साठी ९४.४ टक्के. पण हे प्रमाण प्रत्यक्ष संरक्षण मिळालेल्यांचे आहे, सुई टोचलेल्यांचे नव्हे. गोवराच्या लशीचा एक डोस सुमारे ९३ टक्के परिणामकारक असतो, दोन डोस सुमारे ९७ टक्के. मधला आकडा १५ धरला तर उंबरठा ९३.३ टक्के येतो. त्याला ०.९३ ने भागा : १००.४ टक्के. म्हणजे प्रत्येक मुलाला एक डोस दिला तरी पुरत नाही. ०.९७ ने भागा : ९६.२ टक्के. दुसरा डोस का लागतो ते या एका भागाकारात आले. त्यातही भाजक सरासरीचा आहे. राज्याची सरासरी ९६ टक्के आणि एका वस्तीत ७० टक्के असेल तर त्या वस्तीत साथ येते, सरासरी कितीही चांगली असो.

प्रश्न : साथीचे पहिले मॉडेल मुंबईच्या प्लेगवर तपासले होते असे वाचले. ते बरोबर ठरले का?

उत्तर : ‘पहिले’ नव्हे. डॅनियल बर्नुली यांनी १७६० मध्येच देवीच्या रोगावर गणित मांडले होते. मात्र वर दिलेल्या तीन गटांच्या मॉडेलचा पाया घालणारा निबंध १९२७ चा, केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. त्या निबंधात १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबईतले प्लेगचे साप्ताहिक मृत्यू घेतले आहेत. नोंदलेल्या रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के दगावत, म्हणून मृत्यूंचा आकडा हाच ‘बाहेर पडणाऱ्यांचा’ आकडा मानला. त्यांचे सूत्र : आठवड्याचे मृत्यू = ८९० × (०.२ × आठवडे − ३.४) च्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग. कंस शून्य होतो सतराव्या आठवड्यात. म्हणजे माथा १९०६ च्या एप्रिलच्या मध्याला आणि तेव्हा आठवड्याला ८९० मृत्यू. घंटेच्या आकाराची ही रेषा प्रत्यक्ष आकड्यांवर सुरेख बसते, म्हणून पाठ्यपुस्तकांत ती हमखास असते.

रेषा बसली, एवढ्याने मॉडेल खरे ठरत नाही. थोडा हिशेब करून पाहा. रेषेखालचे सगळे मृत्यू होतात ८,९००. मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत पावणेआठ लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे साथीत सापडले साधारण १.१५ टक्के. सगळे शहर एकमेकांत मिसळणारा एकच गट मानले, तर एवढ्या कमी लोकांवर साथ संपायला आर-शून्य १.००६ च्या आसपास हवा. आणि सुरुवातीची वाढ सूत्राप्रमाणे आठवड्याला ०.४ या दराने आहे. वाढीचा दर म्हणजे गॅमा × (आर-शून्य − १). यातून गॅमा येतो आठवड्याला सुमारे ७०. अर्थात एक रुग्ण सरासरी अडीच तासही संसर्गक्षम नव्हता! प्लेगचा रुग्ण दिवसेंदिवस तापाने फणफणत असतो. काही रुग्ण वाचत होते हे धरून आकडे थोडे हलवले तरी विसंगती जात नाही.

चूक पुन्हा भाजकात. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला जात नाही. तो उंदरांत पसरतो, उंदीर मेले की त्यांच्यावरच्या पिसवा माणसाला चावतात. मुंबईत १८९६ पासून तो वर्षानुवर्षे ठरावीक ऋतूत चढत-उतरत होता. एप्रिलनंतरची उतरण प्रवण माणसे संपल्यामुळे नव्हती. उंदीर, पिसवा आणि हवामान यांचे ते चक्र होते. लेखकांना याची कल्पना होती. माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे गृहीत धरल्याचे आणि गृहीतके काटेकोर पाळली जात नसल्याने सूत्र अगदी ढोबळ असल्याचे त्यांनीच निबंधात नमूद केले आहे. पाठ्यपुस्तकांत आलेख उतरला, ही टीप मागे राहिली.

प्रश्न : मग योग्य भाजक आकड्यांवरून शोधता येतो का, की तो आधीच माहीत असावा लागतो?

उत्तर : कधी कधी शोधता येतो. आणि त्याचे नामी उदाहरण याच मॅकेंड्रिक यांचे आहे, १९२६ मधले. भारतातल्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ. घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन, एका घरात चार. एकूण रुग्ण ८६.

सगळ्या घरांना सारखाच धोका असता तर घरटी सरासरी ०.३८६ आणि पॉयसाँ वितरणाने (निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या घटना कशा विखुरतात ते सांगणाऱ्या सूत्राने) रुग्ण नसलेली घरे सुमारे १५२ यायला हवीत. आहेत १६८. म्हणजे यातल्या काही घरांपर्यंत रोग पोहोचलाच नव्हता. ‘वाचलेले’ आणि ‘धोक्यातच नसलेले’ यांचे शून्य दिसायला सारखेच असते, म्हणून शून्यांची घरे बाजूला ठेवून हिशेब करायचा. प्रत्येक घरासाठी रुग्णसंख्या × (रुग्णसंख्या − १) काढून बेरीज घ्या : १६ × २ + ६ × ६ + १ × १२ = ८०. ही बेरीज भागिले एकूण रुग्ण, ८० ÷ ८६ = ०.९३, ही धोक्यातल्या घरांची खरी सरासरी. ८६ ला ०.९३ ने भागा : धोक्यातली घरे ९२ ते ९३. पडताळा घ्या. या सरासरीने एक रुग्णाची ३४, दोनची १६, तीनची ५ आणि चारची १ घरे यायला हवीत. प्रत्यक्षात ३२, १६, ६, १.

म्हणजे २२३ पैकी सुमारे १३० घरे साथीच्या कक्षेतच नव्हती. मॅकेंड्रिक यांचा तर्क असा, की गावात विहिरी अनेक असाव्यात आणि दूषित एकच. चौकशीत तशी एक विहीर निघाली. पटकी एकाच उगमातून आली तरच ही युक्ती चालते, हे मात्र लक्षात असू द्या. घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याला लागण होत असेल तर एकाच घरात रुग्णांचे घोस दिसतात, सरासरी फुगते आणि धोक्यातली घरे खोटीच कमी येतात.

प्रश्न : सुरुवातीच्या रुग्णसंख्येवरून केलेले अंदाज इतके का फसतात? आकडे तर खरेच असतात.

उत्तर : सुरुवातीचे आकडे एकच गोष्ट सांगतात, वाढीचा दर. त्यातून आर-शून्य काढायला पिढीचे अंतर बाहेरून घालावे लागते. समजा रुग्ण दर ५ दिवसांनी दुप्पट होत आहेत, म्हणजे वाढीचा दर दिवसाला ०.१३९. माणूस लागण होताच संसर्गक्षम होतो आणि ५ दिवस राहतो असे धरले तर आर-शून्य १.६९ येतो आणि शेवटी ६९ टक्क्यांना लागण होईल असे निघते. त्याऐवजी आधी सरासरी ५ दिवस रोग नुसता अंगात मुरतो, मग ५ दिवस पसरतो असे धरले, तर आर-शून्य २.८७ आणि शेवटी ९३ टक्के. पहिल्या महिन्याच्या आलेखावर दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. म्हणून एकच रेषा काढलेला अंदाज हाती आला तर पिढीचे अंतर किती धरले ते आधी शोधावे. ते लिहिलेच नसेल तर अंदाज बाजूला ठेवावा.

नोंदींचे प्रश्न वेगळे. दहातला एकच रुग्ण नोंदला जातो, पण कायम एकच, तर वाढीचा दर बिघडत नाही. चाचण्या वाढत असतील तर बिघडतो. निम्मी वाढ चाचण्यांचीही असू शकते. शेवटच्या काही दिवसांचे आकडे नोंद उशिरा झाल्यामुळे नेहमीच कमी दिसतात. लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेने आलेख काढला तर प्रत्येक साथ ‘आता उतरते आहे’ अशीच दिसते. अहवाल चार दिवस मागे पडत असतील तर ते चार दिवस रेषा बसवताना सरळ गाळावेत. सुट्टीच्या दिवशीची घट काढायला सात दिवसांची सरासरी घ्यावी, पाच किंवा दहा दिवसांची नाही.

आणि लोक बातम्या वाचतात. भीती वाटली की भेटी कमी होतात, म्हणजे बीटाच बदलतो. अंदाज वाचून लोक सावध झाले आणि म्हणून अंदाज चुकला, तर त्याला ‘फसला’ म्हणणे थोडे अन्यायाचे आहे.

प्रश्न : आर-शून्य ३ असलेला रोग एका प्रवाशाबरोबर आला तर साथ येणारच ना?

उत्तर : बहुधा येणार नाही! सरासरी ३ असली तरी सगळे रुग्ण तीन-तीन जणांना देत नाहीत. २००३ च्या सार्सच्या आकड्यांवरून या विषमतेचे माप, विखुरण्याचा अंक, ०.१६ च्या आसपास निघाला होता. तो जितका लहान तितकी विषमता जास्त. सरासरी ३ आणि अंक ०.१६ धरला तर ६२ टक्के रुग्ण कोणालाच रोग देत नाहीत, थोडे जण मात्र अनेकांना देतात. अशा वेळी एका रुग्णापासूनची साखळी आपोआप विझण्याची शक्यता ७६ टक्के. सगळ्यांची क्षमता सारखी असती तर ती फक्त ६ टक्के असती. पण दहा वेगवेगळे प्रवासी आले तर दहाही साखळ्या विझण्याची शक्यता ०.७६ चा दहावा घात, साडेसहा टक्क्यांच्याही आत. स्प्रेडशीटवरचे मॉडेल हे दाखवू शकत नाही, कारण त्यात ०.३ बाधित माणूसही साथ पुढे नेतो. दहा-वीस रुग्णांपर्यंत नाणेफेकीसारखे यादृच्छिक मॉडेल वापरावे, त्यानंतर सरासरीचे चालते.

प्रश्न : मलेरिया थांबवायला सगळे डास मारावे लागतात का?

उत्तर : नाही. हे गणितानेच प्रथम दाखवले. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी पुढे मॉडेल मांडून सांगितले, की डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की मलेरिया स्वतःहून विझतो.

अशा मॉडेलातून निघणाऱ्या आर-शून्याच्या सूत्रात डासांची संख्या एकदाच येते. ती निम्मी केली तर आर-शून्य निम्मा. चावण्याचा दर दोनदा येतो, कारण एक चावा रोग घ्यायला आणि दुसरा द्यायला लागतो. तो निम्मा केला तर आर-शून्य चौथाई. सगळ्यांत प्रभावी घटक डासाचे आयुष्य. परजीवी डासाच्या अंगात तयार व्हायला उबदार हवेत साधारण १० दिवस लागतात आणि तोवर डास जगला तरच धोका. रोज ९० टक्के डास जगत असतील तर १० दिवस तगणारे ३५ टक्के. रोज ८० टक्के जगत असतील तर ११ टक्क्यांच्या आत. त्यानंतरचे उरलेले आयुष्यही निम्म्याहून कमी होते. दोन्ही मिळून आर-शून्य जवळपास सातपट घटतो. अळ्या मारल्याने फक्त संख्या घटते. भिंतींवरची फवारणी आणि औषध लावलेली मच्छरदाणी थेट आयुष्यावर घाव घालतात. मात्र फवारणी भिंतीवर बसणाऱ्या डासालाच लागते. घराबाहेर चावून बाहेरच विसावणाऱ्या जातीसाठी तो ९० टक्क्यांचा आकडा जिथल्या तिथे राहतो आणि तिथे पुन्हा डबक्यांकडेच वळावे लागते.